पार्टिशन कुठून सुरू होते: डिस्क अलाइनमेंट आणि डेटाबेस सर्व्हरचा वेग

डिस्क पार्टिशनचे अलाइनमेंट हा तसा एका आकड्याचा प्रश्न आहे. पार्टिशन डिस्कच्या नेमक्या कितव्या बाइटपासून सुरू होते आणि तो बाइट खालच्या यंत्रणेच्या स्वाभाविक सीमेवर पडतो का, एवढेच त्यात पाहायचे असते. या आरंभबिंदूला ऑफसेट म्हणतात. ऑफसेट सीमेवर पडला तर पार्टिशन अलाइन झालेले असते, मध्येच कुठेतरी पडला तर नसते. यातून सहसा काही मोडत नाही. डेटा बरोबर लिहिला जातो, बरोबर वाचला जातो, कुठल्याही लॉगमध्ये चुकीची नोंद येत नाही; सर्व्हर फक्त जितका चालायला हवा तितका चालत नाही. तक्रार करणारे कोणी नसल्यामुळेच हा दोष कित्येक डेटाबेस सर्व्हरवर वर्षानुवर्षे टिकून राहिला.

डेटाबेस आणि डिस्क यांच्यामध्ये अनेक थर असतात आणि प्रत्येक थराचे स्वतःचे माप असते. डिस्कचा सेक्टर ५१२ किंवा ४०९६ बाइटचा. अनेक डिस्क एकत्र बांधून केलेल्या रेड संचात प्रत्येक डिस्कवर सलग जेवढा डेटा ठेवून कंट्रोलर पुढच्या डिस्ककडे वळतो, ते स्ट्राइप युनिट. ते सहसा ६४, १२८ किंवा २५६ किलोबाइटचे असते. त्याच्यावर फाइल सिस्टिमचा क्लस्टर येतो, एनटीएफएसमध्ये सहसा ४ किलोबाइटचा. सर्वांत वर डेटाबेसचे पेज. एसक्यूएल सर्व्हरमध्ये ते ८ किलोबाइटचे असते आणि अशा आठ पेजांचा मिळून ६४ किलोबाइटचा एक एक्स्टेंट होतो. ओरॅकल आणि पोस्टग्रेएसक्यूएलमध्येही मुळातले माप ८ किलोबाइटच आहे. मायएसक्यूएलच्या इनोडीबीत ते १६ आहे. ही सगळी मापे दोनाच्या घातांतली असल्यामुळे एकमेकांत नेमकी बसतात, पण सगळ्यांची मोजणी एकाच रेघेपासून सुरू झाली तरच. गवंडी फरशीच्या पहिल्या ओळीची दोरी इतकी जपून धरतो ते याचसाठी: ती ओळ अर्धा इंच सरकली की खोलीच्या टोकापर्यंत प्रत्येक सांधा अर्धा इंच सरकलेलाच येतो.

ही पहिली ओळ सरकली ती ६३ या आकड्यामुळे. जुन्या पीसीच्या बायोसला डिस्कवरची जागा सिलिंडर, हेड आणि सेक्टर अशा तीन आकड्यांत सांगावी लागे. त्यांपैकी सेक्टरच्या आकड्यासाठी सहा बिट राखलेले होते आणि मोजणी शून्यापासून नव्हे तर एकपासून होई. म्हणून एका ट्रॅकवर जास्तीत जास्त ६३ सेक्टर. १९८३ मध्ये पीसी डॉस २.० बरोबर हार्ड डिस्कसाठी पार्टिशन टेबल आले. ते डिस्कच्या अगदी पहिल्या सेक्टरमध्ये राहते. त्यालाच मास्टर बूट रेकॉर्ड म्हणतात. पार्टिशन नेहमी ट्रॅकच्या आरंभी सुरू करायचे असा रिवाज पुढे पडला. पहिला ट्रॅक बूट रेकॉर्डसाठी सोडून दिला की पहिले पार्टिशन दुसऱ्या ट्रॅकवर, म्हणजे शून्यापासून मोजल्यास ६३ क्रमांकाच्या सेक्टरवर सुरू होते. ६३ गुणिले ५१२ म्हणजे ३२,२५६ बाइट, अर्थात साडेएकतीस किलोबाइट.

नव्वदच्या दशकात ही ट्रॅकची मोजणी निव्वळ कागदोपत्री उरली होती. खऱ्या डिस्कच्या बाहेरच्या ट्रॅकवर आतल्यापेक्षा कितीतरी जास्त सेक्टर बसू लागले होते आणि डिस्क स्वतः सगळ्या सेक्टरना एका सरळ क्रमांकाने ओळखू लागली होती. तरीही पार्टिशन करणारी साधने ‘२५५ हेड, ६३ सेक्टर’ हे काल्पनिक चित्र प्रामाणिकपणे सांभाळत राहिली. विंडोज सर्व्हर २००३ पर्यंतच्या सगळ्या विंडोज आणि त्या काळातली लिनक्सची एफडिस्क, दोन्हींचे पहिले पार्टिशन ६३ वरच सुरू होई. पुढची पार्टिशने सिलिंडरच्या सीमेवर ठेवली जात आणि एक सिलिंडर म्हणजे २५५ गुणिले ६३, म्हणजे १६,०६५ सेक्टर. पुन्हा विषमच संख्या. त्यामुळे एखादे पार्टिशन ४ किलोबाइटच्या सीमेवर पडलेच तर तो योगायोग.

साडेएकतीस किलोबाइटचा हा ऑफसेट नेमके काय बिघडवतो, ते एका पेजाच्या पातळीवर उतरून पाहिल्याशिवाय नीट कळत नाही. रेड संचाचे स्ट्राइप युनिट ६४ किलोबाइटचे आहे असे धरावे. पार्टिशनमधले पहिले ८ किलोबाइटचे पेज डिस्कच्या हिशेबाने ३१.५ वर सुरू होते, दुसरे ३९.५ वर, तिसरे ४७.५ वर, चौथे ५५.५ वर. ही चारही पहिल्या स्ट्राइप युनिटमध्ये बसतात. पाचवे सुरू होते ६३.५ वर. त्याचे पहिले ५१२ बाइट एका डिस्कवर राहतात आणि उरलेले साडेसात किलोबाइट शेजारच्या डिस्कवर जातात. पुढची सात पेजे सुखरूप, आणि आठवे पुन्हा तुटलेले. म्हणजे दर आठ पेजांमागे एक पेज वाचायला दोन डिस्क कामाला लागतात, आणि त्यांतली एक केवळ ५१२ बाइटसाठी. इनोडीबीच्या १६ किलोबाइटच्या पेजांत हेच प्रमाण चारास एक पडते.

मोठ्या वाचनाची गत याहून वाईट होते. एसक्यूएल सर्व्हर टेबल स्कॅन करताना शक्य तिथे पूर्ण एक्स्टेंट उचलतो. फाइलचे क्लस्टर ६४ किलोबाइटचे असतील तर प्रत्येक एक्स्टेंट स्ट्राइप युनिटच्या साडेएकतिसाव्या किलोबाइटवर सुरू होतो, त्याचे साडेबत्तीस किलोबाइट एका डिस्कवर आणि साडेएकतीस पुढच्या डिस्कवर पडतात. इथे आठांत एक वगैरे सवलत नाही. प्रत्येक एक्स्टेंट तुटतो. स्ट्राइप युनिट १२८ किलोबाइटचे असेल तर निम्मे तुटतात, २५६ चे असेल तर पाव.

तुटलेल्या वाचनाचे दोन्ही तुकडे दोन डिस्कवर एकाच वेळी वाचले जातात, मग वेळ कुठे वाया जातो, अशी शंका येणे स्वाभाविक आहे. रिकाम्या सर्व्हरवर तो फारसा जातही नाही, आणि म्हणून प्रयोगशाळेतल्या हलक्या चाचणीत हा दोष सापडत नाही. पण मागणी पूर्ण होते ती दोन डिस्कपैकी हळू असलेल्या डिस्कचा तुकडा आल्यावर. शिवाय एका मागणीसाठी दोन डिस्कचे हेड हलले, म्हणजे दुसऱ्या डिस्कवर रांगेत उभ्या असलेल्या कोणाची तरी पाळी पुढे गेली. रांग जितकी लांब तितका हा भुर्दंड वाढत जातो. ज्या वेळी सर्व्हरकडून वेगाची सर्वांत जास्त अपेक्षा असते, नेमक्या त्याच वेळी तो जाणवतो. रेड ५ मध्ये लिहिताना तर छोट्या लेखनालाही जुना डेटा वाचणे, जुनी पॅरिटी वाचणे, नवा डेटा लिहिणे, नवी पॅरिटी लिहिणे अशी चार कामे करावी लागतात. पेज दोन डिस्कवर तुटले की ही चारही दोनदा.

मायक्रोसॉफ्टने २००९ मध्ये जिमी मे आणि डेनी ली यांची एसक्यूएल सर्व्हरसाठीच्या पार्टिशन अलाइनमेंटवरची श्वेतपत्रिका प्रसिद्ध केली. त्यांच्या चाचणीत अलाइन केलेल्या सहा डिस्कचे काम अलाइन न केलेल्या आठ डिस्कच्या जवळपास आले. दोन डिस्कचा खर्च केवळ एका आकड्यामुळे वाया जात होता, असा त्याचा सरळ अर्थ. त्या श्वेतपत्रिकेने दोन भागाकार पाहायला सांगितले: ऑफसेट भागिले स्ट्राइप युनिट, आणि स्ट्राइप युनिट भागिले क्लस्टर. दोन्हींचे उत्तर पूर्णांक हवे. दुसरा भागाकार प्रत्यक्षात आपोआप जमतो, कारण दोन्ही मापे दोनाच्या घातांतली असतात. खरा कस पहिल्याचा. ३२,२५६ ला ६५,५३६ ने भागले की ०.४९ आणि काही येते. सगळा घोटाळा त्या दशांशात आहे.

यावरचा उपाय विंडोज व्हिस्टा आणि विंडोज सर्व्हर २००८ मध्ये मुळातच घातला गेला. तेव्हापासून नवे पार्टिशन १ मेगाबाइटवर, म्हणजे २०४८ क्रमांकाच्या सेक्टरवर सुरू होते. लिनक्सची एफडिस्क आणि वितरणांचे इन्स्टॉलर २०१० च्या सुमारास याच आकड्यावर आले. १०,४८,५७६ बाइटला ४, ८, ६४, १२८, २५६, ५१२ यांपैकी कितीही किलोबाइटने भागले तरी बाकी उरत नाही, आणि टेराबाइटच्या डिस्कवर एक मेगाबाइट सोडल्याची कोणाला खंत वाटण्याचे कारण नाही. हा आकडा सर्व प्रश्नांचे उत्तर मात्र नव्हे. चार डिस्कच्या रेड ५ मध्ये स्ट्राइप युनिट ६४ किलोबाइटचे असले तर डेटाची पूर्ण स्ट्राइप १९२ किलोबाइटची होते आणि एका मेगाबाइटला १९२ ने पूर्ण भाग जात नाही. पॅरिटीसाठी जुना डेटा वाचायला लागू नये म्हणून पूर्ण स्ट्राइप एकदम लिहिण्याचा ज्यांचा आग्रह असेल, त्यांनी ऑफसेट वेगळा काढावा. विखुरलेली छोटी पेजे वाचणाऱ्या नेहमीच्या व्यवहारी डेटाबेसला स्ट्राइप युनिटशी जुळणी पुरते.

रेड नसला म्हणजे सुटका, असे २०१० पर्यंत म्हणता येत होते. त्या सुमारास ४०९६ बाइटचा भौतिक सेक्टर असलेल्या, अॅडव्हान्स्ड फॉरमॅट नावाच्या हार्ड डिस्क बाजारात आल्या. जुन्या सॉफ्टवेअरशी बिनसू नये म्हणून त्या बाहेरून ५१२ बाइटचे सेक्टर असल्याचे भासवतात. आत मात्र आठ-आठांचा एक गट असतो. ६३ ला ८ ने भागले की ७ उरतात, म्हणजे पार्टिशनची सुरुवात गटाच्या शेवटच्या खणात होते. तिथून पुढचे ८ किलोबाइटचे प्रत्येक पेज दोन भौतिक सेक्टरांऐवजी तिनांना स्पर्श करते: पहिल्याचे शेवटचे ५१२ बाइट, मधला पूर्ण, तिसऱ्याचे ३५८४. वाचताना हे खपून जाते. लिहिताना दोन्ही टोकांचे सेक्टर आधी वाचावे लागतात, त्यात नवा भाग मिसळावा लागतो आणि मग तबकडीचा एक फेरा होऊन तीच जागा पुन्हा हेडखाली येईपर्यंत थांबावे लागते. मिनिटाला ७२०० फेरे घेणाऱ्या डिस्कवर तो फेरा ८.३ मिलिसेकंदांचा असतो. रेडमध्ये काही पेजेच तुटत होती, इथे प्रत्येक लेखन अडते. नेमके या वाचून-मिसळून-लिहिण्याच्या मध्येच वीज गेली तर ज्या सेक्टरला कोणी हातही लावला नव्हता तोही धोक्यात येऊ शकतो, ही गोष्ट डेटाबेस सांभाळणाऱ्याच्या दृष्टीने वेगापेक्षा जास्त गंभीर आहे.

या संक्रमणातला एक तोडगा त्याच्या धाडसासाठी लक्षात राहण्यासारखा आहे. विंडोज एक्सपी वापरणाऱ्यांसाठी वेस्टर्न डिजिटलने आपल्या पहिल्या अॅडव्हान्स्ड फॉरमॅट डिस्कवर एक जंपर लावण्याची सोय दिली होती. जंपर बसवला की डिस्क प्रत्येक सेक्टर क्रमांकात गुपचूप एक मिळवी, म्हणजे ६३ चा ६४ होऊन पार्टिशन जागेवर येई. पण तीच डिस्क जंपरसकट नव्या विंडोजला लावून पार्टिशन केली की नीट अलाइन झालेला २०४८ हा आकडा २०४९ होई आणि बरोबर असलेले बिघडे.

सॉलिड स्टेट डिस्कमध्ये फिरणारे काही नाही, म्हणून अलाइनमेंटचा प्रश्नही नाही, हा समज चुकीचा आहे. फ्लॅश मेमरी पेजांत लिहिली जाते आणि अशा अनेक पेजांच्या मोठ्या ब्लॉकमध्येच पुसली जाते. लिहिलेल्या पेजावर पुन्हा लिहिता येत नाही. डेटाबेसचे पेज फ्लॅशच्या दोन पेजांवर अर्धेअर्धे पडले की दोन्हींतला उरलेला डेटा उचलून नवीन जागी मांडावा लागतो. एक लेखन मागितले तर आत दोन होतात, ब्लॉक लवकर भरतात, पुसण्याच्या फेऱ्या वाढतात. वेगातला फरक कंट्रोलरच्या हुशारीमुळे आणि कॅशमुळे झाकला जातो, पण डिस्कचे आयुष्य झिजायचे ते झिजतेच.

पार्टिशन करणारी साधने सुधारली, तरी जुना ऑफसेट नव्या यंत्रात शिरण्याच्या वाटा बंद झालेल्या नाहीत. ऑपरेटिंग सिस्टिम जागच्या जागी अद्ययावत केल्याने पार्टिशनची सुरुवात बदलत नाही. २००३ च्या सर्व्हरवर घडलेले पार्टिशन २००८ किंवा त्यानंतरच्या विंडोजखाली तसेच राहते. डिस्कची हुबेहूब प्रतिमा काढून नव्या डिस्कवर उतरवली, की ६३ हा आकडाही तिच्याबरोबर उतरतो. भौतिक सर्व्हर आभासी यंत्रात रूपांतरित करताना हेच घडते, आणि तिथे नुकसान जास्त होते. आभासी यंत्राच्या आतले पार्टिशन, होस्टची फाइल सिस्टिम आणि त्याखालचा स्टोरेज अॅरे असे तीन थर एकावर एक असतात. त्यांतला एक जरी सरकलेला असला तरी वरचे सगळे सरकतात. एकाच अॅरेवर अशी अनेक यंत्रे असली तर प्रत्येकाचे जादा काम एकाच दारात जमा होते. लिनक्सवर यात एलव्हीएमचा थर वाढतो. भौतिक व्हॉल्यूमवर डेटा कुठे सुरू व्हावा ते तो तयार करताना ठरवता येते. एक्सएफएस आणि ईएक्सटी४ यांना फॉरमॅटच्या वेळी स्ट्राइपची मापे सांगता येतात. सॉफ्टवेअर रेडवर ती बहुधा आपोआप कळतात. हार्डवेअर कंट्रोलर आपली रचना लपवत असेल तर हाताने द्यावी लागतात.

तपासणी सोपी आहे, पण तिच्यात एक खड्डा आहे. विंडोजच्या डिस्कपार्टमध्ये पार्टिशनांची यादी मागवली की ती ऑफसेट पूर्ण किलोबाइटमध्ये दाखवते. साडेएकतीसचे तिथे बत्तीस होतात. बत्तीस हा आकडा सभ्य दिसतो, दोनाच्या घातांतलाही आहे, आणि पाहणारा समाधानाने खिडकी बंद करतो. म्हणून ऑफसेट नेहमी बाइटमध्ये पाहावा. पॉवरशेलची गेट-पार्टिशन आज्ञा तो तसा देते; जुन्या सर्व्हरवर डब्ल्यूएमआयसी देत असे. ३२,२५६ दिसले तर निदान झाले. जीपीटी पद्धतीच्या डिस्कवर आकडा वेगळा येतो. तिथे विंडोज आधी स्वतःसाठी राखीव पार्टिशन ठेवते, त्यामुळे विंडोज सर्व्हर २००३ वर डेटाचे पार्टिशन १३,४२,३५,१३६ बाइटवर आणि विंडोज सर्व्हर २००८ वर १३,५२,६६,३०४ बाइटवर सुरू झालेले दिसते. दोन्ही आकडे सारखेच अवाढव्य वाटतात. ६४ किलोबाइटने भागल्यावर दुसऱ्याचे २०६४ असे नेमके उत्तर येते, पहिल्याचे येत नाही. लिनक्सवर एफडिस्क आरंभाचा सेक्टर दाखवते. त्याला ८ ने भाग गेला तर ४ किलोबाइटची जुळणी आहे, १२८ ने गेला तर ६४ किलोबाइटची. पार्टेडमध्ये अलाइन-चेक ही सोय यासाठीच आहे.

स्ट्राइप युनिटचे माप मात्र ऑपरेटिंग सिस्टिमला विचारून नेहमी कळत नाही. ते कंट्रोलरच्या किंवा स्टोरेज अॅरेच्या व्यवस्थापनात असते. मोठ्या संस्थांत डेटाबेस सांभाळणारा एका टेबलावर आणि स्टोरेज सांभाळणारा दुसऱ्या मजल्यावर बसतो. अलाइनमेंटचे बरेचसे घोटाळे या जिन्यात होतात.

दोष सापडल्यावरचा उपाय कष्टाचा आहे. विंडोजच्या स्वतःच्या साधनांनी पार्टिशनची सुरुवात डेटासकट सरकवता येत नाही. डेटाबेसचा बॅकअप घ्यायचा, तो दुसरीकडे रिस्टोअर करून खरोखर उघडतो याची खात्री करायची, पार्टिशन पुसायचे, नव्याने करायचे, फॉरमॅट करायचे आणि डेटा परत आणायचा. विंडोज सर्व्हर २००३ वर सर्व्हिस पॅक १ नंतरच्या डिस्कपार्टला अलाइन हा पर्याय देऊन किलोबाइटमध्ये ऑफसेट सांगावा लागे; नव्या विंडोजवर काहीही न सांगता १ मेगाबाइट मिळतो. फॉरमॅट करताना एसक्यूएल सर्व्हरच्या डेटासाठी ६४ किलोबाइटचे क्लस्टर निवडावेत. क्लस्टर ऑफसेटच्या मानाने दुय्यम आहेत, पण पार्टिशन पुसलेलेच आहे तर ते तेव्हाच निवडून घ्यावेत; नंतर केवळ त्यासाठी हा सगळा खटाटोप पुन्हा करण्यात अर्थ नाही. लिनक्सवर जीपार्टेड पार्टिशन हलवू शकते, तरी बॅकअपशिवाय ते करणे अविचाराचे.

फरक पडला की नाही ते आधी आणि नंतर मोजल्याशिवाय सांगता येत नाही. विंडोजवर परफॉर्मन्स मॉनिटरमधले दर वाचनामागचे आणि दर लेखनामागचे सरासरी सेकंद, एसक्यूएल सर्व्हरच्या आत प्रत्येक फाइलवरच्या प्रतीक्षेची आकडेवारी, लिनक्सवर आयओस्टॅटमधला प्रतीक्षेचा रकाना, हे आकडे गर्दीच्या वेळचे हवेत. डिस्कएसपीडी किंवा एफआयओ यांसारख्या साधनाने पेजाच्या मापाचा विखुरलेला भार टाकून पाहणे अधिक भरवशाचे. ज्या सर्व्हरचा सगळा डेटा मेमरीत मावतो, त्याला यातून फारसे काही मिळणार नाही. एखादी क्वेरी इंडेक्स नसल्यामुळे कोट्यवधी ओळी चाळत असेल तर अलाइनमेंट तिला तारणार नाही.

डेटा फाइलचा हिशेब पेजावर होतो, तसा ट्रान्झॅक्शन लॉगचा सेक्टरवर होतो. इनोडीबीचा रिडू लॉग ५१२ बाइटच्या ब्लॉकमध्ये लिहिला जातो. खालची ऑपरेटिंग सिस्टिम ४ किलोबाइटवर काम करत असेल तर लिहिण्याआधी वाचण्याचा प्रकार इथेही होतो, आणि तो टाळण्यासाठी मायएसक्यूएल ५.७ मध्ये लॉग पुढपर्यंत भरून लिहिण्याची सेटिंग आली. एसक्यूएल सर्व्हरच्या अव्हेलेबिलिटी ग्रुपमध्ये मुख्य सर्व्हरची डिस्क ५१२ बाइटचा सेक्टर सांगणारी आणि दुय्यम सर्व्हरची ४०९६ सांगणारी असली, की लॉगची लेखने दुसऱ्या टोकाला सीमेवर बसत नाहीत आणि एरर लॉगमध्ये ‘२५६ मिसअलाइन्ड लॉग आयओ’ अशी नोंद येते. त्यावर १८०० क्रमांकाचा ट्रेस फ्लॅग आहे. विंडोज ११ वर काही एनव्हीएमई डिस्क आपला भौतिक सेक्टर ८ किंवा १६ किलोबाइटचा असल्याचे कळवतात. एसक्यूएल सर्व्हरला ५१२ आणि ४०९६ एवढीच मापे ठाऊक आहेत, त्यामुळे तिथे वेग कमी होण्याचा प्रश्नच उरत नाही; सर्व्हिस सुरूच होत नाही. रजिस्ट्रीत नोंद करून डिस्कला ४ किलोबाइटचे माप सांगायला लावणे हा त्यावरचा उपाय. एफएसयूटिलच्या सेक्टरइन्फो या उपआज्ञेने डिस्क काय सांगते आहे ते दिसते, आणि त्याच यादीत पार्टिशन भौतिक सेक्टरशी अलाइन आहे की नाही याचीही एक ओळ असते. स्ट्राइप युनिटविषयी ती ओळ काही सांगत नाही. तो भागाकार हातानेच करावा लागतो.